दुसऱ्या खुर्चीतला माणूस

कॅप्टन रेवती कोलतेच्या शेजारची खुर्ची दोन वर्षांपासून रिकामी होती.

दोन हजार सदतीस साली नियम बदलला आणि देशातल्या देशात उडणाऱ्या प्रवासी विमानांना एकच पायलट पुरेसा ठरला. को-पायलटची खुर्ची कुणी उपटून टाकली नव्हती. तिच्यावर रेवती आपली पर्स आणि जेवणाचा डबा ठेवायची. पहिले काही दिवस तिला ते चोरून केल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते.

‘सुपथ एअर’मधली नोकरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नागपूरहून सकाळी सातला निघायचं, बेंगळुरू, परत नागपूर, पुणे, परत नागपूर. चारच्या ठोक्याला घर. तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी आपण किती वाजता कुठे असू, हे तिला आज सांगता यायचं. सीनियॉरिटीच्या यादीत ती एकशे बारावी होती, आणि वरची माणसं निवृत्त होतील तशी आपोआप वर सरकणार होती. एकेचाळिसाव्या वर्षी आणखी काय हवं?

दुसऱ्या माणसाची जागा घेतली होती कपाळावरच्या एका पट्टीने. दोन बोटं रुंद, वजन काहीच नाही. थकलेल्या माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी संथ होतात, पापणी मिटून उघडायला किंचित जास्त वेळ लागतो. हे पूर्वीपासून ठाऊक होतं. पट्टीची खरी करामत वेगळी होती. दर काही सेकंदांनी ती पायलटच्या कानात एक बारीकशी टिचकी वाजवायची, इतकी हलकी की ऐकल्याचं कळूही नये. पण मेंदूला कळायचं. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात मेंदू त्या टिचकीला ‘हो, ऐकलं’ असं उत्तर द्यायचा आणि पट्टी ते टिपायची. माणूस टक्क जागा आहे, डोळे यंत्रांवर आहेत, पण मन घरच्या कुठल्या काळजीत गुंतलंय, तर ते उत्तर दुबळं यायचं. थकवा पूर्वीही मोजता येत होता. आता मन जागेवर आहे की नाही हेही मोजता येऊ लागलं होतं.

त्यातून निघायचा सावधानतेचा अंक. शंभरापैकी साठच्या खाली गेला की विमान स्वतःच स्वतःला चालवायचं, हैदराबादेत बसलेला जमिनीवरचा पायलट लक्ष ठेवायचा, आणि कॅप्टन उरायचा पहिल्या रांगेतला प्रवासी. अपघात खरोखरच कमी झाले होते. ते कुणी नाकारत नव्हतं, रेवतीही नाही. तिचा सरासरी अंक एक्क्याण्णव होता. कंपनीच्या मासिकात तिचा फोटो आला होता, खाली ओळ होती: ‘शांत मनाची कॅप्टन.’

शांत खरीच होती. घरात भांडण म्हणून नव्हतं. नवरा निनाद आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवायचा. तो हल्ली आवाज चढवेनासा झाला होता. चौदा वर्षांची जुई, जी पूर्वी शाळेतून आल्यावर दप्तर फेकून तासभर तक्रारी सांगायची, ती आता विचारलं की म्हणायची, “सगळं मस्त, आई.” हिंगणघाटला बाबूजी, रेवतीचे वडील, एकटे राहत. फोनवर ते म्हणायचे, “बरा आहे बाप्पा, मले काय धाड भरली?” त्यांच्या फोनचा कॅमेरा मात्र फेब्रुवारीपासून बिघडला होता. रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरलं की काहीतरी आडवं यायचं. कधी निनादच्या गाडीचं काम, कधी जुईची शिकवणी. रेवती दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी लवकर झोपायची आणि तिला गाढ झोप लागायची.

मे महिन्यात एका सकाळी बेंगळुरूचं उड्डाण रद्द झालं. विमानाच्या एका झडपेत बिघाड निघाला. साडेअकराला ती घरी आली आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडलं.

दिवाणखान्यात सोफ्यावर एक म्हातारा आडवा झाला होता. नागपूरच्या मे महिन्यात त्याने लोकरीची टोपी घातली होती. गालफडं बसलेली, हाताच्या शिरेत सुईची पट्टी चिकटवलेली. शेजारी स्टुलावर बसून जुई त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होती, आणि पायाशी एक प्लास्टिकचं घमेलं होतं.

एक क्षण रेवतीला तो म्हातारा ओळखूच आला नाही.

“आई?” जुई दचकून उभी राहिली. वर्तमानपत्र खाली पडलं. “तू? आत्ता? तू तर चारला...”

“बाबूजी,” रेवती म्हणाली.

त्यांनी टोपी सारखी केली. चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला. “सुट्टी झाली काय ओ तुले आज?” असं म्हणून ते उठायला गेले आणि त्यांना उठता आलं नाही.

पाच महिने. पोटातली गाठ, मग फुप्फुसात पसरलेली. दर तिसऱ्या मंगळवारी निनाद पहाटे हिंगणघाटहून त्यांना आणायचा, नागपूरच्या दवाखान्यात केमोचं सलाइन लावून घ्यायचा, दुपारी घरी आणून थोडं आडवं करायचा, आणि चार वाजायच्या आत परत गाडीत घालून हिंगणघाटला सोडायला निघायचा. ओकाऱ्या गाडीत व्हायच्या. त्या आठवड्यांत कॉलेजात उशिरापर्यंत काम असतं, असं तो रेवतीला सांगायचा. सोफ्यावरची चादर जुई बदलायची, खिडक्या उघडून औषधाचा वास घालवायची. शाळेच्या त्या दिवसांच्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्यांवर निनादच सही करायचा.

त्या दुपारी निनाद कॉलेजातून आला तेव्हा रेवती स्वयंपाकघरात उभी होती. तिला बसवत नव्हतं.

“कुणी ठरवलं हे?”

“बाबूजींनी शपथ घातली होती.”

“आणि तू पाळलीस.”

निनादने खिशातला फोन काढून तिच्यासमोर धरला. सुपथने पायलटांच्या घरच्यांसाठी दिलेलं ॲप होतं, त्यात ‘घर शांत, उड्डाण शांत’ नावाची पुस्तिका. वाईट बातमी उड्डाणाच्या आदल्या दिवशी देऊ नये. वादाचे विषय सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावेत. रोज संध्याकाळी एक प्रश्न यायचा, ‘आज घरात काही ताण?’ आणि निनाद दोन वर्षं रोज ‘नाही’वर बोट ठेवत आला होता.

“तुझा अंक तीनदा सत्तरच्या खाली आला की समुपदेशन, मग रोस्टरमधली उड्डाणं कमी, मग जमिनीवरची नोकरी,” तो म्हणाला. “तुमच्या कॅप्टन प्रधानांचं काय झालं माहीत आहे ना? घटस्फोट चालू होता म्हणून अंक पडला, आणि अंक पडला म्हणून... मी काय करायला हवं होतं रेवती? तुला सांगून तुझं उडणं घालवू?”

“माझा बाप माझ्याच घरात ओकत होता आणि मी चार वाजता येऊन चहा पीत होते!”

ती ओरडली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. आतल्या खोलीत जुईने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, कारण न जाण्याचं कारण काय द्यायचं तेही तिला सुचेना. टेकऑफ व्यवस्थित झालं. अदिलाबादच्या आसपास समोरच्या पडद्यावर हिरवी चौकट पिवळी झाली आणि नम्र आवाजात सूचना आली: ‘कॅप्टन, आपण विश्रांती घ्या.’ अंक अठ्ठावन्न. हातातला दांडा सैल पडला. एकशे सत्तर माणसं मागे नाश्ता करत होती आणि कुणाला पत्ता नव्हता. रेवती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. विमान बेंगळुरूला उतरलं ते असं अलगद, की तिलाही तसं रोज जमलं नसतं.

तिच्या मनात सलत राहिली ती एवढीच गोष्ट, की पट्टी बरोबर होती.

कॅप्टन मिनोचेर दस्तूर एकेकाळी सुपथमध्ये तिचे प्रशिक्षक होते. साठी उलटलेला हा पारशी माणूस नागपूरच्या सदर भागात वाढलेला, मराठी तिच्याइतकीच सफाईने बोलायचा. पट्टी आली त्या वर्षी राजीनामा देऊन ते ‘सप्तक जेट्स’मध्ये गेले होते. तिने फोन केला, त्यांनी विमानतळाच्या पलीकडच्या बाजूला, खासगी विमानांच्या हँगरवर बोलावलं. तिथे आठ आसनांचं एक पांढरं जेट उभं होतं आणि दस्तूर स्वतः, बाह्या सरसावून, आतल्या गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होते.

“हे आमच्या नोकरीचं पहिलं दर्शन,” ते म्हणाले. “बस. बिस्किटाचा चुरा आहे, सांभाळून.”

ही वाट्याची विमानं होती. एका जेटचे आठ मालक, प्रत्येकाचा आठवा हिस्सा आणि त्या हिश्शाचे वर्षाचे ठरावीक तास. मालकाने फोन केला की चार तासांत विमान त्याच्या दारात हवं. मालक कारखानदार, डॉक्टर, बिल्डर. त्यांना कॉकपिटमध्ये दोन जिवंत माणसं हवी असत, आणि धुळे, अमरावती, किनाऱ्यावरच्या चिपीसारख्या लहान धावपट्ट्यांवर आपोआप उतरवणारी यंत्रणाही नव्हती. दोन पायलट असले की कायद्याने पट्टी लागत नव्हती.

“सरळ सांगा सर. फरक काय?”

“तिथे तुझं विमान ठरलेलं, वेळ ठरलेली, सीनियॉरिटी ठरलेली. इथे सीनियॉरिटीला काळं कुत्रं विचारत नाही. सात दिवस कामावर, सात दिवस घरी. त्या सात दिवसांत रात्रीचं जेवण कुठल्या गावात, देवाला ठाऊक. बॅगा आपण चढवायच्या. गाडी, हॉटेल, बर्फ, शेठच्या कुत्र्याचं पाणी, सगळं आपण. तिथे प्रवाशाला तुझं तोंड दिसत नाही, इथे तो तुझ्या खांद्यावर थोपटून विचारतो, ‘कॅप्टन, अजून किती वेळ?’” त्यांनी यंत्र बंद केलं. “पगार थोडा कमी. हातकाम जास्त. वाऱ्याशी झोंबी जास्त.”

“आणि मन ठिकाणावर नसेल तर?”

“तर शेजारच्याला सांगायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण ते सोपं आहे असं मी म्हणालो नाही.”

निनादला ते पटलं नाही. बाबूजी आजारी असताना महिन्यातले पंधरा दिवस बाहेर राहायचं? रोज चारला घरी येणारी नोकरी सोडून? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि तेच रेवतीला अस्वस्थ करत होतं. तरी जूनमध्ये ती सप्तकला लागली. बाबूजींना तिने कायमचं नागपूरला आणलं, आणि घरात एकच नियम केला: जे घडेल ते मला सांगायचं. लगेच. मी कुठेही असले तरी.

पहिले तीन महिने ती जागेवर ठरलीच नाही. सकाळी चिपीला समुद्रावरचा आडवा वारा, दुपारी औरंगाबाद, संध्याकाळी अचानक इंदूर. धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायला आधी एक फेरी खालून मारायची. बॅगा उचलून तिची पाठ धरली. एका बिल्डरच्या कुत्र्याने कॉकपिटच्या दारात घाण केली, ती तिने निस्तरली. यादीतला एकशे बारावा नंबर तिला अधूनमधून आठवायचा, आणि आता तो दुसऱ्या कुणाचातरी झाला असेल हेही. पण हात पुन्हा हातांसारखे वाटू लागले होते. आणि शेजारी माणूस होता, जो शेंगदाणे खायचा, बेसूर गुणगुणायचा, आणि दर उड्डाणाआधी तिच्याकडे वळून विचारायचा, “डोकं जागेवर?” तीही त्यांना विचारायची. बहुतेकदा उत्तर ‘हो’ असायचं. एकदा दस्तूर म्हणाले होते, “आज नाही, तू ने,” आणि का ते तिने विचारलं नव्हतं.

घरच्या सात दिवसांत ती बाबूजींच्या उशाशी बसायची. ते बहुधा झोपलेले असत. मग ती उगाच खोल्यांतून फिरायची, गॅलरीत जायची, परत यायची. निनाद म्हणायचा, “अगं, बस जरा.” ती बसायची आणि पाच मिनिटांत उठायची.

सप्टेंबरमध्ये, सकाळी पावणेदहाला, धुळ्याच्या धावपट्टीवर तिला निनादचा फोन आला.

“तू म्हणाली होतीस म्हणून लगेच सांगतोय,” तो म्हणाला. “बाबूजींना दवाखान्यात आणलंय. फुप्फुसात पाणी झालंय. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात, संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही.”

विमान नागपूरलाच जायचं होतं. मालकांपैकी एक, पंपांचे कारखानदार मुथा, बायकोला घेऊन एका लग्नाला निघाले होते. त्यांची गाडी फाटकातून आत येत होती. रेवती ‘नाही’ म्हणाली असती, तर दुसरा पायलट यायला चार-पाच तास. रस्त्याने गेलं तर आठ. हे जेट पंचेचाळीस मिनिटांत पोचणार होतं.

तिने दस्तूरांना बातमी सांगितली. लपवली नाही.

ते तिच्याकडे वळले. “डोकं जागेवर?”

“आहे.”

“मी नेऊ का?”

“मीच नेते सर. हात रिकामे राहिले तर जास्त वाईट.”

मुथा गाडीतून उतरून घड्याळ बघत होते. दस्तूरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मान हलवली.

वर जाईपर्यंत सगळं नीट झालं. नागपूरजवळ हवाई नियंत्रण कक्षाने नऊ हजार फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं. दस्तूरांनी रेडिओवर ‘नऊ हजार’ असं उत्तर दिलं. ऑटोपायलटला उंचीचा आकडा लावायचा रेवतीने, आणि दोघांनी बोट ठेवून तो तपासायचा, ही पद्धत. पण त्याच वेळी मागून मुथांनी गाडीची चौकशी केली आणि दस्तूर दुसऱ्या रेडिओवर हँगरशी बोलू लागले: पांढरी गाडी पाठवा, काळी नको, बाईंना काळी चालत नाही. रेवतीने आकडा फिरवला. तिच्या डोळ्यांसमोर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तिने सहा हजार लावले.

विमान नऊ हजार ओलांडून शांतपणे खाली जात राहिलं. ती आकड्यांकडे बघत होती आणि तिला ते दिसत नव्हते.

“रेवती. नऊ! नऊ हजार!” आणि लगेच, “कंट्रोल माझ्याकडे.”

दस्तूरांनी नाक वर उचललं. त्याच क्षणी रेडिओवर कंट्रोलरचा ताठ आवाज आला, तुमची उंची सांगा. आठ हजार चारशे. खाली सात हजारांवर एक प्रवासी विमान आडवं चाललं होतं. ढगांच्या फटीतून रेवतीला त्याची पाठ दिसली, खेळण्याएवढी. आणखी एक मिनिट कुणाच्या लक्षात आलं नसतं तर काय, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

विमान उतरवलं दस्तूरांनीच. मुथा पांढऱ्या गाडीतून निघून गेले. इंजिनं थांबल्यावरही दोघं पट्टे न सोडता बसून होते.

“रिपोर्ट मी लिहिते,” रेवती म्हणाली. “मी तुमच्याशी खोटं बोलले. मला इथे यायचं होतं.”

“मलाही तुझं ‘हो’ हवंच होतं,” दस्तूर म्हणाले. “तू ‘नाही’ म्हणाली असतीस तर त्या शेठला मी काय सांगणार होतो, याचा विचार मी आधीच करत होतो. मग गाडीच्या रंगावर बोलत बसलो. दोघांची नावं लिही. आता पळ.”

बाबूजी जागे होते. नाकात नळी, छाती भात्यासारखी वरखाली. निनाद बाहेर डॉक्टरांशी बोलत होता.

“आलीस? कोनती गाडी आनली?” विमानाला ते गाडीच म्हणायचे. तीस वर्षं हिंगणघाट डेपोची एसटी चालवली होती त्यांनी.

रेवतीला गप्प राहवेना. आजारी माणसाला हे सांगू नये, हे कळत असूनही तिने सगळं सांगितलं. सहा हजार, नऊ हजार, खाली दिसलेली ती पाठ.

त्यांनी नाकातली नळी सारखी केली.

“तुही माय गेली,” ते थांबत थांबत म्हणाले, “त्याच्या चौथ्या दिवशी मी ड्यूटीवर गेलो. चंद्रपूरची गाडी. रेल्वेचं फाटक लागलं होतं. मले दिसलंच नाही, पोरी. डोळे उघडे, आन् दिसलं नाही. कंडक्टर बोंबलला म्हणून ब्रेक लागला. इंजिन तोंडासमोरून गेलं. बावन्न मानसं होती.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कोनाले सांगतो? कंडक्टरले म्हणलं, गप राह्य. तो बी गप राह्यला.” त्यांनी दम घेतला. “म्हणून जावयाले शपथ घातली. तुये ते अंकफिंक मले काय समजते? मले ते फाटक दिसत होतं.”

रेवतीने त्यांचा हात धरला. इतके महिने ती ज्या गोष्टीवर चिडून होती तिचं तोंडच बदललं होतं, आणि चिडायला आता कुणी उरलं नव्हतं.

“चौथ्या दिवशी तुम्हाला कुणी विचारलं नाही, बाबूजी? की येता येईल का म्हणून?”

“कोन विचारते बाप्पा,” ते म्हणाले. “आन् विचारलं असतं तरी मी ‘हो’च म्हणलो असतो. घरी बसून काय करतो?”

त्यानंतर ते बारा दिवस जगले. रेवती सगळे दिवस तिथे होती, कारण चौकशी संपेपर्यंत तिला उडायला बंदी होती.

नोव्हेंबरात सप्तकच्या मालकांची बैठक झाली. मुथा आणि आणखी तिघांचं म्हणणं होतं, आपल्याही विमानांत पट्टी बसवा. बाकीच्यांना ते नको होतं. साक्ष द्यायला रेवतीला बोलावलं. तिने ती पट्टी नाकारावी असं दस्तूरांनाही वाटत असावं, कारण ते भिंतीशी हाताची घडी घालून उभे होते.

“पट्टी असती तर मला धुळ्यातच थांबवलं असतं,” ती म्हणाली. “ते योग्य झालं असतं. बसवा. पण तिचा अंक कॉकपिटमधल्या दोघांना दिसू दे, आणि तिथेच पुसला जाऊ दे. ऑफिसात जायला नको, रोस्टरला जोडायला नको. अंक कुठेतरी साठतो हे कळलं, की माझ्या घरचे मला खरं सांगायचं बंद करतील. एकदा केलंय त्यांनी. दोन वर्षं मी सगळ्यात सावध पायलट होते आणि माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत नव्हतं.”

“आणि मग पायलटने अंक बघूनही उड्डाण केलं तर?” मुथांनी विचारलं.

“तर शेजारच्याने अडवायचं. आणि तुम्ही घड्याळ बघायचं नाही.”

मुथा हसले नाहीत. मालकांनी मार्चपर्यंत निर्णय पुढे ढकलला. रेवतीचं लायसन्स ताकीद देऊन परत मिळालं, दस्तूरांनाही तशीच ताकीद मिळाली.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तिचं पुन्हा पहिलं उड्डाण होतं. आठला ती बूट घालत होती. जुई शाळेचा गणवेश घालून दारात येऊन उभी राहिली.

“आई, एक सांगायचंय. वाईट आहे.”

स्वयंपाकघरातून निनाद घाईने म्हणाला, “जुई, आत्ता नको, आईला...” आणि मध्येच थांबला. “बरं. सांग.”

“गणितात चाळीसपैकी अकरा. मागच्या वेळेला पण नापासच होते. सही मीच केली होती. तुझी.”

“माझी सही केलीस?”

“बाबाची मला जमत नाही.”

मग जे झालं ते शेजारच्यांनीही ऐकलं. रेवती ओरडली, जुई उलट ओरडली, की गणिताच्या तासाला मी घरी आजोबांजवळ बसत होते, तेव्हा नाही कुणी विचारलं! निनाद मध्ये पडला आणि दोघींनी त्याला झाडलं. जुई रडत शाळेत गेली. जाताना तिने दार आपटलं, आणि रेवतीने जिन्यात धावत जाऊन तिच्या हातात विसरलेला डबा कोंबला. जुईने तो घेतला. एवढंच.

गाडीत बसल्यावर रेवतीने दस्तूरांना फोन लावला.

“सर, लेकीशी भांडून निघालेय. डोकं अजिबात जागेवर नाही. आज तुम्ही न्या.”

पलीकडे व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज बंद झाला.

“माझंही सकाळी बायकोशी वाजलंय,” दस्तूर म्हणाले. “मी तुला तेच सांगायला फोन करणार होतो.”

“मग?”

“मग काय. तू ये. चहा टाकतो. मालकाला कळवतो, उशीर होईल, पायलट भांडून आलेत. ज्याचं डोकं आधी निवेल, तो नेईल.”

“आणि दोघांचंही नाही निवलं तर?”

“तर शेठना म्हणावं, बसा तुम्हीही. चहा घ्या.”

रेवतीने गाडी सुरू केली. डोकं अजून निवलं नव्हतं, म्हणून ती डाव्या बाजूने, सावकाश निघाली.